मौनाचा आठवडा

ऑगस्ट महिन्यात हेमांगी चौगुलेने मुंबईहून कोल्हापूरला आईला फोन केला, "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवून दिला. त्या आठवड्यात देशभर तूरडाळ महागली.

हे वाचून कुणाला हसू आलं तर त्याला दोष देता येणार नाही. खुद्द हेमांगीलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. पण ते पुढे सांगतो. आधी ते वर्ष कसं होतं हे सांगायला हवं, कारण वाईट दिवस माणसं फार लवकर विसरतात आणि वर 'आमच्या वेळी सगळं स्वस्त होतं' म्हणून पोरांचं डोकं खातात.

त्या वर्षी आखातातली सामुद्रधुनी दुसऱ्यांदा बंद झाली. तेल आलं नाही, गॅस आला नाही, गॅसवर चालणारे खतांचे कारखाने थंड पडले. ट्रकचं भाडं वाढलं, त्यामागोमाग भाजी, औषधं, साबण, सगळंच वाढलं. भाव वाढले म्हणून लोकांनी हात आखडता घेतला, गिऱ्हाईक आटलं म्हणून कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या, आणि पाळ्या कमी झाल्या म्हणून घरात येणारा पगारही आटला. एरवी मंदी आली की निदान भाव तरी उतरतात. त्या वर्षी माल गोदामात पडून होता आणि भाव चढतच होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला स्टॅगफ्लेशन म्हणतात. वर्तमानपत्रांनी 'मंदीतली महागाई' असं बारसं केलं. हेमांगीचा थोरला भाऊ रणधीर, ज्याची शिरोलीच्या एमआयडीसीत छोटी फौंड्री होती, तो त्याला जे म्हणायचा ते छापण्याजोगं नव्हतं.

मध्यवर्ती बँकेकडे या दुखण्यावर औषध एकच, व्याजदर. महागाई वाढली की व्याज वाढवायचं. कर्ज महागतं, खर्च कमी होतो, भाव शांत होतात. मंदी आली की उलटं करायचं, व्याज उतरवायचं. पण दोन्ही दुखणी एकदम आली तर? व्याज वाढवावं तर आधीच धापा टाकणारे कारखाने आडवे होतात, उतरवावं तर महागाई आणखी भडकते. इकडे आड, तिकडे विहीर. शिवाय मूळ आग लागलेली आखातात, आणि बँकेच्या हातातलं पाणी पडणार शिरोलीच्या भट्ट्यांवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार.

हेमांगी त्या मध्यवर्ती बँकेत होती आणि तिच्या हाताखाली 'आरसा' होता.

आरसा समजून घ्यायचा तर आधी मुनीम समजून घ्यायला हवा. तोवर कागदी नोटा लग्नातल्या आहेरापुरत्या उरल्या होत्या. बाकी सगळा व्यवहार डिजिटल रुपयात चालायचा, आणि त्या रुपयाबरोबर सरकारने प्रत्येकाच्या फोनमध्ये एक मुनीम फुकट बसवून दिला होता. उद्या काय महागणार याचा अंदाज बांधायचा आणि ती वस्तू आजच घेऊन टाकायची, हे त्याचं काम. सुरुवातीला तो मालकाला विचारायचा. पुढे मालकच म्हणाले, बाबा रे, दर वेळी काय विचारतोस, घेऊन टाक. दुकानदाराकडेही मुनीम, ठोक व्यापाऱ्याकडेही मुनीम, टेम्पोवाल्याकडेही मुनीम.

आता महागाईची गंमत अशी की तिचा बराचसा भाग नुसत्या अंदाजातून जन्माला येतो. उद्या डिझेल वाढणार असं वाटलं की टेम्पोवाला आजच भाडं वाढवतो. भाडं वाढणार म्हणून दुकानदार आजच भाव चढवतो. भाव चढले म्हणून कामगार पगारवाढ मागतो, आणि अंदाज खरा ठरतो. पूर्वी ही भीती कानोकानी पसरायला महिने लागत. मुनीम एकमेकांकडे बघून ती सकाळचा चहा व्हायच्या आत देशभर पसरवत. पळा पळा, कोण पुढे पळे तो.

म्हणून बँकेने आरसा बांधला. देशातल्या सगळ्या मुनिमांचे अंदाज, माणसांची नावं आणि पत्ते खोडून, एका यंत्रात गोळा होत. पुढल्या वर्षी महागाई किती होईल असं लोकांना वाटतंय, हे आरसा एका आकड्यात सांगायचा. लोकांना भाव थांबतील असं वाटलं, तर ते अर्धेअधिक आपसूक थांबतात. तसं वाटलं नाही, तर बँकेला ते लोकांच्या नोकऱ्या घालवून थांबवावे लागतात. भीती जितकी मोठी, तितकं व्याज जास्त. त्या ऑक्टोबरात आरसा अकरा टक्के दाखवत होता आणि तो आकडा बघून बँकेतल्या माणसांची झोप उडाली होती.

झोप उडाली तरी तोंड उघडायची सोय नव्हती. व्याजदर ठरवणारी समिती बसण्याआधीपासून निर्णय जाहीर होईपर्यंतचा आठवडा बँकेत मौनाचा असतो. त्या काळात भाव, व्याज, बाजार यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे किंवा वाटतं ते बाहेरच्या कुणालाही सांगायचं नाही, असा नियम. बँकेतली माणसं तो नियम सोवळ्यासारखी पाळत. उगाच शब्दातून काही निसटायला नको म्हणून ती हवापाण्याविषयीही बोलत नसत. हेमांगी तर त्यातही कडक. नवऱ्यापासून घटस्फोट घेतानाही तिने वकिलाला सांगितलं होतं, या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात बोलू.

मौनाच्या सोमवारी रणधीरचा फोन आला तेव्हा ती बँकेच्या जिन्यात उभी होती. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिला हल्ली उरला नव्हता.

"हेमा, बोलू काय जरा?"

"बोल की दादा."

"राजकोटचा माणूस आलावता. भट्टी बघून गेला. गुरुवारपर्यंत हो का न्हाई सांगा म्हणतोय."

"कुठली भट्टी?"

"आपल्याकडं काय धा भट्ट्या हायत? एकच की. पप्पांनी घेतलेली."

हेमांगी दोन पायऱ्या उतरली, पुन्हा एक चढली. "विकतोयस?"

"विकायची हौस आलीया व्हय मला? हे बघ, ट्रॅक्टरवाल्यांची ऑर्डर दिवाळीनंतर सुटणार म्हणत्यात. तवर कसंबसं निभंल. पण बँकेचं व्याज आणि दोन टक्क्यांनी चढलं तर निभत न्हाई. मग सव्वीस माणसांचा पगार द्यायचा का व्याज भरायचं? त्यापरास आत्ताच विकून माणसांचं देणं देतो आणि मोकळा हुतो. तू फकस्त एवढं सांग, शुक्रवारी व्याज चढणार काय?"

समिती अजून बसायची होती. आरशाचा शेवटचा आकडाही यायचा होता. हेमांगीच्या तोंडून तेच निघालं जे अशा वेळी नेहमी निघायचं.

"आईची बीपीची गोळी चालू आहे ना?"

मग रणधीर म्हणाला, "चालू हाय."

"ठेवते दादा. मीटिंग आहे."

फोन खिशात टाकून ती तरातरा वर गेली. आपण नियम पाळला याचं समाधान तिला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याऐवजी तिने आरशासमोर बसून, जे काम उद्यावर टाकलं होतं ते उकरून काढलं. ही भीती नेमकी सुरू कुठून होते, हे शोधायचं ते काम होतं.

मंगळवारी दुपारी तिला उत्तर मिळालं.

भीतीची प्रत्येक लाट समितीच्या बैठकीआधी उसळायची. आणि ती सुरू व्हायची ती देशभर विखुरलेल्या जेमतेम चारशे घरांतून. कोट्टायम, कटक, लुधियाना, कोल्हापूर, कुठेही. त्या घरांनी डाळ-तांदूळ भरले की देशातले कोट्यवधी मुनीम भरायला धावायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मुनिमाला कारण कळत नाही. कोण वारंवार बरोबर निघतं एवढंच तो बघतो, आणि मग त्याच्या मागे लागतो. ही चारशे घरं गेली तीन वर्षं सारखी बरोबर निघत होती.

साठेबाज असणार, हेमांगीला वाटलं. तिने कोल्हापुरातल्या घराची खरेदी उघडली. नाव-पत्ता नव्हता, नुसतं सामान. दर आठवड्याला शुगर-फ्री बिस्किटं. दर अमावस्येला अकरा नारळ आणि लिंबं, कारखान्यातल्या यंत्रांची पूजा करणाऱ्या घरात जातात तशी. कालच्या तारखेला पंधरा किलो तूरडाळ, आठ किलो संकेश्वरी मिरची. आणि दर सोमवारी न चुकता मशेरीची एक डबी.

बिस्किटं दादाची. नारळ भट्टीचे. आणि मशेरी! गेल्या संक्रांतीला आईने तिच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं की मशेरी सुटली म्हणून. हेमांगी मोठ्याने हसली. शेजारच्या टेबलावरच्या कुरियनने मान वर केली. त्याचा जन्म चेंबूरचा, मराठी तिच्याइतकंच चांगलं, आणि आरशाची सगळी गणितं त्याने मांडलेली.

"कुरियन, तुझी आई कोट्टायमला असते ना?"

"हो. का?"

"या आठवड्यात तिने खोबरेल तेल जास्त भरलंय का?"

कुरियन जरा ओशाळला. "दोन डबे घेतलेत. मी ओरडलो पण. अगं, तिचं एक खूळ आहे. म्हणते, मौनाच्या आठवड्यात तुझा फोन दोन मिनिटांत संपतो. पाऊस पडतो का विचारलं तरी तू उत्तर देत नाहीस. म्हणजे काहीतरी वाईट येणार. आणि वाईट येणार म्हटलं की ती डबे भरते." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का गं? काय झालं?"

काय झालं ते हेमांगीला आता लख्ख दिसत होतं, आणि हसू कुठल्या कुठे गेलं होतं. ती चारशे घरं बँकेतल्या माणसांच्या आयांची, बहिणींची, सासूबाईंची होती. बँक जितकी धास्तावलेली, तितके तिच्या माणसांचे फोन तुटक. फोन तुटक झाले की घरच्या बायका डबे भरत. त्यांचं बघून देशातले मुनीम भरत. भाव चढत, आरशात भीती दिसे, ती बघून बँक व्याज वाढवी, आणि कोट्टायमची आई म्हणे, बघा, मी म्हटलं नव्हतं? पुढच्या खेपेला मुनीम तिच्यावर आणखी विश्वास टाकत. एवढी वर्षं बँक आरशात लोकांची भीती बघतोय असं समजून स्वतःचंच तोंड बघत होती, आणि त्या तोंडाला घाबरून लोकांच्या नोकऱ्या घालवत होती.

तिने ती चारशे घरं आणि त्यांच्यामागे धावलेले मुनीम वगळून आरसा पुन्हा चालवला. अकराचे साडेसात झाले. अकराला दोन टक्के व्याजवाढ लागत होती. साडेसाताला अर्ध्या टक्क्यावर भागत होतं.

मग तिला दुसरा नियम आठवला. आरशावर काम करणाऱ्याने एखादं निनावी घर ओळखलं, तर त्याने तात्काळ हात काढून घ्यायचा आणि वरिष्ठांना कळवायचं. पुन्हा आरशाजवळ जायचं नाही, कधीच; म्हणजे आरशावरची नोकरी संपली. लोकांनी आपली खरेदी बँकेच्या हवाली केली होती ती या एका नियमाच्या भरवशावर, आणि तो नियम लिहिणाऱ्यांत हेमांगी स्वतः होती.

न सांगता काम भागलं असतं. चारशे घरांचा एक विचित्र गट सापडला, तो वगळावा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. निदान तसं तिला घरी जाईपर्यंत वाटत होतं. घरी तिने भात लावला आणि खायचा विसरली.

बुधवारी समिती बसली. गव्हर्नर विश्राम रेगे मध्यभागी होते. सावंतवाडीकडचा हा माणूस कमी बोलायचा आणि त्याहून कमी हसायचा. त्यांच्या उजव्या हाताला प्राध्यापक सबनीस, बाहेरून नेमलेले सदस्य, व्याज वाढवण्याच्या बाजूचे.

"गेल्या शतकातलं सत्तरीचं दशक आठवा," सबनीस म्हणाले. "तेव्हाही तेलाचा भडका उडाला. बँका कचरल्या, आज नको उद्या करू म्हणाल्या. लोकांच्या मनात महागाई घर करून बसली. शेवटी अमेरिकेला व्याज वीस टक्क्यांच्या आसपास न्यावं लागलं आणि लाखो माणसं घरी बसली. आज दोन टक्क्यांचं कडू औषध घेतलं नाही, तर उद्या दहाचं घ्यावं लागेल. आरसा अकरा दाखवतोय ना?"

"अकरातला बराचसा आवाज आपलाच आहे," हेमांगी म्हणाली, आणि तिने चारशे घरांची गोष्ट मांडली. कुणाची ती घरं हे मात्र सांगितलं नाही.

सबनीसांनी चष्मा काढला. "चौगुले, गैरसोयीची घरं वगळली की आकडा उतरणारच. मी माझ्या वजनातून माझं पोट वगळलं तर मीही सडपातळ आहे. ही घरं कुणाची? ती का वगळायची? कारण द्या."

कारण एकच होतं. ते दिलं नाही तर उद्या-परवा दोन टक्के वाढणार, आणि शिरोलीतच काय, देशभरातल्या हजारो भट्ट्या नुसत्या एका गैरसमजापायी विझणार. आपली नोकरी आपल्याला किती प्यारी आहे, हे हेमांगीला त्या घटकेला पहिल्यांदा कळलं.

"त्यातलं एक घर माझ्या आईचं आहे," ती म्हणाली. "मी ते ओळखलं. काल दुपारी. बाकीची घरंही आपल्याच माणसांच्या घरच्यांची आहेत. आपण या आठवड्यात गप्प बसतो, आणि आपल्या आया त्यावरून डबे भरतात."

मग रेगे हळूच म्हणाले, "माझी बहीणही असेल त्यात?"

"ते ओळखायचं नाही, सर."

"नाही, नाही. बरोबर." रेग्यांनी पेन उचललं, ठेवलं. "तिला मी गेला आठवडाभर फोनच केलेला नाही."

"आणखी एक सांगायचंय," हेमांगी म्हणाली. "माझ्या भावाची फौंड्री आहे. व्याज दोन टक्के वाढलं तर ती बंद पडेल. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं."

सबनीस पुढे वाकले. ते दुष्ट नव्हते, फक्त चोख होते. "मग तुमच्या साडेसातावर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका. मी बाहेर जाते. कुरियनला नव्याने मांडायला सांगा. त्याने कुठलंही घर ओळखलेलं नाही, मी त्याला सांगितलंही नाही. त्याचा आकडा येईल तो घ्या."

ती उठली. दाराशी रेग्यांच्या चिटणिसाने तिचा पास मागून घेतला आणि शुक्रवारी निर्णय जाहीर होईपर्यंत मौन तुम्हालाही लागू आहे, असं तोंड पाडून सांगितलं. त्याला वाईट वाटत होतं आणि ते दिसत होतं.

बुधवारची संध्याकाळ आणि अख्खा गुरुवार हेमांगीने घरात येरझारा घातल्या. चार वेळा रणधीरचा नंबर काढला, चार वेळा फोन पालथा ठेवला. कुरियनचा आकडा किती आला, समितीने तो मानला की नाही, तिला काहीच कळायला मार्ग नव्हता. आणि आता तर ती एकाच गोष्टीला धरून होती. मी नियम मोडला तो एक, न कळत. दुसरा जाणूनबुजून मोडणार नाही. भावाला हळूच काही सांगितलं तर सबनीस म्हणाले तेच खरं ठरेल. दुपारी आईचा फोन आला. हेमांगीने तो वाजू दिला. वाजायचा थांबल्यावर तिला रडू आलं. मग रडण्याचाच राग आला, आणि तिने स्वयंपाकघरातली सगळी भांडी काढून घासली.

शुक्रवारी सकाळी फोर्टातल्या एका उडप्याच्या हॉटेलात, भिंतीवरच्या पडद्यावर तिने रेग्यांना पाहिलं. अर्धा टक्का. एवढं सांगून ते थांबले नाहीत. जन्मात न बोललेला तो माणूस पाऊण तास बोलत राहिला. महागाई आखातातून आली आहे, ती आम्ही एका रात्रीत घालवू शकत नाही. दोन वर्षं ओढाताण होईल. पण ती मुरू देणार नाही, आणि ती मुरू लागली तर व्याज कधी नि किती वाढवू ते आजच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी दचकायला नको. आमचं आम्हाला काय कळतं आणि काय कळत नाही तेही सांगतो. शेवटी ते म्हणाले की आजपासून बँकेतला मौनाचा आठवडा बंद. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "हे साहेब बरे दिसतात, घरच्यासारखे बोलले." हेमांगीला नाचावंसं वाटत होतं.

बाहेर येऊन तिने रणधीरला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. मग आईला लावला, तर आई म्हणाली, "दादा कारखान्यात हाय. तू ये बाई एकदा." आणि यावेळी आईनेच फोन ठेवला.

शनिवारी सकाळी हेमांगी कोल्हापुरात उतरली ती तडक रिक्षा करून शिरोलीला गेली. फौंड्रीचं फाटक उघडं होतं. आत मोल्डिंगची वाळू तशीच ढिगाने पडलेली, भिंतीला पप्पांचा फोटो. भट्टीच्या जागी चार उखडलेले बोल्ट आणि तोडलेल्या जाड केबली. ट्रेलरच्या चाकांचे वण दारापर्यंत गेले होते. रणधीर एका पालथ्या पेटीवर बसला होता. तिला बघून उठला नाही.

"दादा, फोन का उचलला नाहीस?"

"उचलून काय बोलायचं हुतं?"

"कधी नेली?"

"गुरुवारी सांजच्याला. माणसांचं सगळं देऊन टाकलं. म्हातारा सुतार तेवढा पैसे घेईना. भट्टी न्हाई तर मी पैसं घेऊन काय करू म्हणाला." रणधीरने हाताने तोंड पुसलं. "अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्यात मी दिवाळी काय, शिमगाबी गाठला असता की गं."

"मग शुक्रवारपर्यंत थांबायचंस ना! एक दिवस!"

"तूच सांगितलंस न्हवं? मग कशाला थांबू?"

"मी? मी काय सांगितलं?"

"तू आईच्या गोळीचं विचारलंस." रणधीर तिच्याकडे बघत होता, रागाने नाही. "पप्पा गेले तवा हॉस्पिटलातनं तू मला फोन केलावतास. 'दादा, जेवलास का' म्हणालीस. बास, एवढंच. मी तवाच समजलो. सोमवारीबी समजलो."

हेमांगी त्याच्यासमोर खाली वाळूत बसली. कपड्यांचं तिला भान नव्हतं. चारशे घरं तिने शोधून काढली होती. त्यातल्या एका घरातला हा एक माणूस तिच्या डोक्यातच आला नव्हता, कारण तो डबे भरत नव्हता.

"मला बंदी होती, दादा. बोलले असते तर नोकरी गेली असती."

"ऱ्हायली काय मग?"

"नाही."

रणधीरने हे अपेक्षिलं नव्हतं. तो पेटीवरून उतरून तिच्याशेजारी वाळूत बसला. तिने त्याला सगळं सांगितलं, मशेरीसकट. मशेरीला तो थोडा हसला.

"एक इचारू?" तो म्हणाला. "सोमवारी मी फोन केला तवा तुला ठावं हुतं? अर्धा का दोन?"

"नव्हतं. कुणालाच नव्हतं. समिती बसायचीच होती."

"खरं सांग."

"आईशपथ. मला काहीच माहीत नव्हतं, दादा."

"मग एवढंच म्हणायचंस की," रणधीर म्हणाला. "'मला माहीत न्हाई, दादा. शुक्रवारी कळंल.' मी थांबलो असतो. माहीत न्हाई म्हणायला कुठं बंदी हुती तुला?"

हेमांगीने नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवून पाहिला. तशी बंदी कुठेच नव्हती.